गेनूनानांचा वाफसा

मला ‘पोरी’ म्हणणारं आता जगात कुणी उरलेलं नाही. साठीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला घाम फोडणाऱ्या बाईला कोण कशाला पोरी म्हणेल? पण गेनूनाना म्हणायचे. “पोरी, दार उघड. फोन लावायचाय.” आणि मी गॅसवरचं दूध सोडून खरोखरच पोरीसारखी धावायचे. दोनदा दूध उतू गेलं, तरी धावायचे.

नाना म्हणजे आमच्या शेजारच्या विलासभाऊंचे वडील. परळची आमची जुनी चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली, आणि चाळीत भिंतीला भिंत लावून राहिलेले आम्ही बाराव्या मजल्यावरही शेजारीच आलो. विलासभाऊ बसचे कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. लिफ्टमध्ये गर्दी झाली की अजूनही त्यांच्या तोंडून “पुढे सरका, पुढे रिकामं आहे” निघतं. मुली लग्न होऊन गेल्या. घरात ते आणि शोभावहिनी. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी म्हणून विलासभाऊंनी नानांना गावाहून बोलावून घेतलं, आणि नाना राहिले.

गाव माणदेशातल्या माळावर. मी मुंबईतल्याच फणसवाडीत जन्मलेली, परळला दिलेली. शेत पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून, तेही कोकणातलं. तिथे जरा नजर टाकली की डोंगर नाहीतर नारळ आडवा येतो. नानांच्या माळावर म्हणे आडवं यायला काहीच नव्हतं. गवत, वारा आणि आभाळ, बस्स. चार महिने हिरवं, आठ महिने पिवळं. त्यात बाजरी, मटकी आणि हुलगा, म्हणजे आपला कुळीथ, काढत नानांचा जन्म गेला होता. वय विचारलं की सांगायचे, “मोठ्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तवा विलास शाळंत जायला लागला हुता. त्यावरनं काढ तूच.” मी ऐंशीच्या बऱ्याच पुढे काढलं.

तरुणपणी एकदा मेव्हण्याने त्यांना मुंबईला आणून गिरणीत चिकटवलं होतं. दिवाळीला गावी गेले ते परत आलेच नाहीत.

“का हो नाना? कायम झाला असता तर पेन्शन मिळाली असती,” मी म्हटलं.

“वर बघितलं की पत्रा. किती दिस पत्रा बघायचा माणसानं?”

असा हा माणूस आमच्या बाराव्या मजल्यावर आला तेव्हा शोभावहिनींना वाटलं, बिचाऱ्यांना करमायचं नाही. म्हणून त्यांनी खिडकीच्या ग्रिलमध्ये हौसेने कुंड्या मांडल्या, तुळस, गवती चहा, मिरची. नानांनी त्या एकदा पाहिल्या आणि पाठ फिरवली. “मातीला डब्यात कोंडलंय. तिनं काय गुन्हा केलाय?” पाणी घालणं तर सोडाच, त्या बाजूला बसेनातही. वहिनी हिरमुसल्या. मग एक दिवस मलाच म्हणाल्या, “सासरे शेतकरी म्हणून मी कुंड्या आणल्या, आता सासऱ्यांमुळे मीच शेतकरीण झाले.”

नानांची शेती वेगळीच चालायची. सकाळी चहा झाला की ते लिफ्टपासून पॅसेजच्या टोकाच्या खिडकीपर्यंत आणि तिथून परत, अशा फेऱ्या घालायचे. सरळ रेषेत, भिंतीपासून सारखं अंतर ठेवून. टोकाला गेले की दर वेळी एकाच बाजूने वळायचे. त्या बाजूला कुणाची सायकल उभी असली तर सायकल हलवायला लावायचे, पण वळण बदलायचे नाहीत. बैल बिथरतात म्हणे. मी विचारलं, “कुठले बैल, नाना?” तर माझ्याकडे असे बघायचे की जणू मलाच ऑपरेशनची गरज आहे.

डावं-उजवं त्यांना मान्यच नव्हतं. उगवत, मावळत, उत्तर, दक्षिण. चटणीचा डबा उगवतीच्या फळीवर. टॅक्सीवाल्याला “मावळतीला वळव” सांगायचे, आणि तो बिचारा आरशातून विलासभाऊंकडे बघायचा. एकदा चष्मा सापडेना तेव्हा म्हणाले, “दक्षिणंच्या खिशात बघ.” मी बघेपर्यंत ते वळून बसले होते, त्यामुळे तो खिसा उत्तरेचा झाला होता. आम्ही दोघं किती वेळ हसत होतो.

पण एका बाबतीत ते हसत नसत. पाऊस. बिल्डिंगमध्ये कुणालाही आभाळ भरलेलं दिसलं की आपल्याकडे हक्काचा शेतकरी आहे म्हणून विचारणार, “काय नाना, येईल का आज? छत्री घेऊ?” नानांचा चेहरा एकदम मिटायचा. “मला नगा इचारू. मला त्यातलं कळत न्हाय.” ऐंशी वर्षं ज्याने आभाळाकडे बघत काढली त्याला पावसातलं कळत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? लोकांना वाटायचं म्हातारा मिश्कील आहे. मलाही तसंच वाटायचं.

‘वाफसा’ हा शब्द मला त्यांनी दिला. पाण्याच्या वेळेवरून मी सेक्रेटरीशी भांडायला निघाले होते. पदर खोचून, तोंडात सगळी वाक्यं तयार. नानांनी पॅसेजमध्येच अडवलं.

“आत्ता नगं जाऊ. त्याची बायकू माहेरी गेलीया, सकाळपासनं च्या मिळालेला न्हाय त्याला. वाफसा न्हाय.”

“काय नाही?”

मग त्यांनी मला नीट समजावलं. पाऊस झाला की लगेच रानात शिरायचं नसतं. औत रुततं, चिखलाचे गोळे होतात आणि ते पुढे वाळून दगड होतात. फार थांबलं तर जमीन टणक होते, फाळ आत जात नाही. या दोन्हींच्या मध्ये एखाददुसरा दिवस असा येतो की माती ओलीही नाही आणि कोरडीही नाही. मूठभर उचलायची, दाबायची, सोडायची. हलकेच फुटली तर वाफसा आला. मग घाई करायची, कारण तो थांबत नाही. “माणसाचं बी तसंच,” नाना म्हणाले. मी तरी सेक्रेटरीकडे गेलेच, आणि चिखल करून परत आले.

तेव्हापासून आमच्या मजल्याने हा शब्द उचलला. शोभावहिनींना नवा फ्रिज हवा होता, तर त्या चार दिवस मला खुणेने सांगत होत्या, अजून वाफसा नाही. आमचे हे ऑफिसातून तणतणत आले की मी मुलांना म्हणायचे, जरा वाळू द्या रे. नानांना याचं मोठं कौतुक. आपला शब्द शहरात लागला म्हणून लहान मुलासारखे खूश व्हायचे.

आता त्यांच्या डोळ्यांचं सांगते. ऑपरेशन उत्तम झालं होतं. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून गावी जायला परवानगी दिली होती. पण नानांचं “धूसर दिसतंय” काही संपेना. विलासभाऊ पुन्हा तपासायला न्यायचे, डॉक्टर पुन्हा सगळं ठीक म्हणायचे. आणि हेच नाना एका संध्याकाळी आमच्या खिडकीतून खाली बघत मला म्हणाले, “शोभा आली बघ. पिशवीत मेथी हाय.” बाराव्या मजल्यावरून!

“नाना,” मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं, “मेथी दिसते आणि धूसर कसं?”

“लांबचं दिसतंय,” ते शांतपणे म्हणाले. “जवळचं न्हाय दिसत.”

त्या बोलण्याचा अर्थ मला पुढे एका दुपारी कळला. विलासभाऊ जेवून आडवे झाले की नाना आमच्याकडे यायचे आणि गावी धाकट्या मुलाला, माणिकला, फोन लावायला सांगायचे. बोलणं रोजचंच. म्हशीने दूध दिलं का, बांधावरच्या बोरी फुटल्या का, तू जेवलास का. मी एकदा न राहवून विचारलं की घरी विलासभाऊंचा फोन असताना हे माझ्याकडे कशाला. नानांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग सगळं सांगितलं.

नानांच्या बायकोला, अनसाकाकींना, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या गेल्या तेव्हा विलासभाऊंना निरोप गेला, ते मुंबईहून निघाले. घाटात बस बंद पडली. मग कुठल्या ट्रकमधून, शेवटी पायी, असे ते माळावर पोहोचले तर तिथे निखारे होते. आईला धाकट्याने अग्नी द्यायचा ही रीतच, त्यामुळे माणिकने दिला याचं कुणाला काही नव्हतं. पण तो थांबला नाही, मोठ्या भावाला आईचं तोंडही बघू दिलं नाही, हे विलासभाऊंच्या मनातून जाईना. तेराव्याला उठून गेले ते पुन्हा गावात पाऊल टाकलं नाही. माणिकचं नाव घरात काढायचं नाही. इतक्या वर्षांत दोघा भावांत एक शब्द नाही.

“आणि पोरी, माणिक थांबणार हुता,” नाना म्हणाले. “दादाला येऊ द्या, म्हणत हुता. मी म्हणालो पेटव. आभाळ काळं झालं हुतं. मला वाटलं, अर्ध्या तासात कोसळंल. लाकडं भिजली तर तिला अर्धवट ठिवायची का? जन्मभर आभाळ बघितल्यालं, मला कोण खोटं म्हणंल? पेटीवलं. एक थेंब न्हाय आला. ढग तसंच पुढं निघून गेलं. मग विलास आला.”

मी विचारलं, हे विलासभाऊंना माहीत नाही?

“न्हाय. माणिकनं स्वतःवर घेतलं. मी बी गप्प बसलो. तवा तोंडातनं शब्दच फुटत नव्हता, आणि मग वेळ गेली. डोळ्याचं निमित्त काढून इथं आलो त्याला सांगायला. पर वाफसा येत न्हाय गं.”

मला त्यांची इतकी दया आली, आणि तितकाच संतापही. विलासभाऊ चिडलेले असले की नाना म्हणायचे, आत्ता चिखल आहे. विलासभाऊ मजेत असले, नातवंडं आली असली, की म्हणायचे, आता कशाला बरं चाललेलं उकरायचं. महिन्यांमागून महिने गेले. मी टोकलं की हसायचे. मातीच्या बाबतीत हा माणूस कधी चुकला नसेल, पण पोटच्या पोराच्या बाबतीत मूठ दाबून बघायचंच धाडस त्यांना होत नव्हतं. आणि इकडे विलासभाऊ त्यांचं सगळं प्रेमाने करत होते. रोज स्वतः आंघोळ घालायचे, पाठ चोळायचे, नखं काढायचे. “या हातानं मला आंघूळ घालतोय,” नाना म्हणायचे, “आणि मी त्याला फशिवतोय.”

आमच्याकडे हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर. त्यांच्या कुंपणाच्या भिंतीला लागून फुटपाथवर गावागावांहून आलेली माणसं चटया, पुठ्ठे अंथरून बसलेली असतात. नानांना ती जागा फार आवडायची. लिफ्टने खाली उतरायचं, हळूहळू तिथवर जायचं, कुणाच्याही शेजारी बसायचं. कुठलं गाव, कोण आजारी, बाजरी कशी आहे. “माझं गाव हितं भरतं,” म्हणायचे. जेवायच्या आत मात्र न चुकता घरी.

एक दिवस आले नाहीत. शोभावहिनींनी माझी बेल वाजवली. आम्ही दोघी तशाच चपला अडकवून निघालो. भिंतीशी पोहोचलो तर नाना एका पुठ्ठ्यावर मांडी घालून बसलेले, शेजारी एक वाळका, दाढी वाढलेला माणूस, दोघांच्या मध्ये फडक्यावर भाकरी. मला काही कळेना. शोभावहिनींनी मात्र तोंडावर पदर घेतला.

“पोरी,” नाना म्हणाले, “ह्यो माझा माणिक.”

फोनवर ज्याचा आवाज इतके दिवस ऐकला तो हा. घशात गाठ आली म्हणून तालुक्याच्या डॉक्टरने इथे पाठवलं होतं. परवापासून तो इथेच होता; फोनवर काही कळू दिलं नव्हतं, आज नानांच्या नजरेस पडला. भावाचं घर हाकेवर असताना फुटपाथवर झोपत होता.

“भावजी, वर का नाही आलात?” वहिनींनी विचारलं.

“दादाला आवडलं नसतं, वहिनी,” तो खाली बघत म्हणाला.

नाना उठायला तयार होईनात. “माझा ल्योक हितं झोपतोय तर मी बी हितंच झोपनार. विलासला बोलाव. त्याला सांग, नाना घरला येत न्हाईत.”

विलासभाऊ धावतच आले. घामाघूम. आधी नानांना पाहिलं, मग माणिकला. माणिक उभा राहिला, शर्ट खाली ओढला. हॉर्न वाजत होते, भुईमुगाच्या शेंगावाला ओरडत होता, डोक्यावर भर दुपारचं ऊन. कोणालाही काही सांगायची ही जागा नव्हती आणि ही वेळही नव्हती.

“विलास,” नाना बसूनच म्हणाले, “तुझ्या आईला पेटवायला मी सांगितलं. ह्यो थांबणार हुता. मला वाटलं पाऊस येतुय. आला न्हाय.”

विलासभाऊंना आधी ऐकूच आलं नाही. नानांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. शेजारच्या पुठ्ठ्यावरची बाई वळून बघायला लागली. विलासभाऊंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आपण इतकी वर्षं भलत्याच माणसावर रागावलो, हे कळलेला तो चेहरा होता.

“तू का नाही सांगितलंस?” त्यांनी माणिकला विचारलं. किती वर्षांनी हे पहिलं वाक्य.

“नाना जेवत नव्हते तवा,” माणिक म्हणाला. “त्यात तू त्यांना काय बोलला असतास तर ते राहिलेच नसते.”

“आणि तुला बोललो ते?”

“मला काय हुतंय? मी धाकटा हाय.”

विलासभाऊंनी तोंड फिरवलं. मग नाक पुसलं, खाली वाकून माणिकची पिशवी उचलली आणि दरडावल्यासारखं म्हणाले, “चल वर. पंखा आहे घरात. इथे काय बसलायस भिकाऱ्यासारखा?” दोघं पुढे चालू लागले. नानांना मी आणि वहिनींनी दोन बाजूंनी धरून उठवलं. विलासभाऊंनी मागे वळून पाहिलं नाही.

माणिकची गाठ साधी निघाली. काढली, टाके वाळले. तो दिवाणखान्यात झोपायचा, आणि रात्री दोघा भावांच्या गप्पा भिंतीतून आम्हाला ऐकू यायच्या. कुठल्याशा कुत्र्याच्या, विहिरीच्या, आईच्या हातच्या हुलग्याच्या पातळ, गरम माडग्याच्या. ऐकताना मला उगीचच रडू यायचं. नानांशी मात्र विलासभाऊ बोलत नव्हते. एक शब्दही नाही.

“आंघूळ घालतोय,” नाना मला पॅसेजमध्ये म्हणाले. “पाठ चोळतोय. पाणी गरम हाय का, ते बी इचारत न्हाय. हात घालून सोताच बघतोय.”

“मग, नाना? आला होता का त्या दिवशी वाफसा?”

“न्हाय गं पोरी. चिखलातच पेरलं. उगवंल तसं उगवंल.” आणि फेरी घालायला वळले, नेहमीच्याच बाजूने.

माणिकला गावी सोडायला विलासभाऊ स्वतःच निघाले. नानाही म्हणाले, मीही येतो, आता मला नीट दिसतंय. त्यानंतर ते परळला परतले नाहीत. त्या हिवाळ्यात गावीच वारले. दोन्ही मुलं उशाशी होती, असं शोभावहिनींनी नंतर सांगितलं. मला नाना आठवतात ते मात्र त्या निघायच्या सकाळचे.

खाली गेटपाशी टॅक्सी उभी होती. धुतलेलं धोतर, नवी टोपी, मागच्या सीटवर नाना, पलीकडे माणिक. विलासभाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, समोर बघत. मी खिडकीशी वाकून नानांना लाडवांचा डबा दिला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर त्या समोरच्या पाठमोऱ्या डोक्यावर होती. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, आणि विलासभाऊ एकदम “थांब जरा” म्हणाले. खाली उतरले. नानांच्या धोतराचा सोगा दारात अडकून बाहेर लोंबत होता. त्यांनी मागचं दार उघडलं.

“नाना,” ते म्हणाले, “धोतर आत घ्या.”

नाना त्यांच्याकडे बघतच राहिले. मग लगबगीने, दोन्ही हातांनी, सगळं धोतर गोळा करून मांडीवर घेतलं.

“घेतलं रे बाळा,” ते म्हणाले. “हे बघ, घेतलं.” आणि त्याच सोग्याने डोळे पुसू लागले.